तिसरी गल्ली, पण कुठली? दोन राउटरच्या भांडणाचा इतिहास

कोल्हापुरात रिक्षात बसून नुसतं ‘तिसरी गल्ली’ म्हणून बघा. ‘कुठली? शाहूपुरी का राजारामपुरी?’ असा प्रश्न येणारच. नंबरच्या गल्ल्या दोन्हीकडं आहेत. घरात दोन राउटर जोडल्यावर जो घोळ होतो, तो याच जातीचा. त्याचं मूळ शोधायला १९८१ पर्यंत मागं जावं लागतं.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंटरनेटच्या पत्त्याचा आजचा नियम प्रसिद्ध झाला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्याच तेव्हा साडेचारशे कोटींच्या घरात होती. पण कॉम्प्युटर होते मोजक्या संस्थांकडं, मग काळजी कोण करतो? व्हिंट सर्फ यांनी पुढं सांगितलंय, की तो आकडा प्रयोगापुरता धरला होता. वाटपही सढळ हातानं झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या एका संस्थेकडं १ कोटी ६७ लाख पत्ते! आपल्याकडं विदेश संचार निगमनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. पंगत उठत आली तेव्हा आपण पाटावर बसलो, असं म्हणा.

टंचाईची चाहूल मात्र त्याआधीच लागली होती. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी ‘नॅट’ नावाचा तोडगा मांडला. बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच. आतल्या यंत्रांनी आपापसात खासगी पत्ते वापरायचे, आणि कुणी काय मागवलंय ते दारातल्या राउटरनं वहीत टिपून ठेवायचं. आतून मागणी गेली तर उत्तर बरोबर घरात येतं. बाहेरून कुणी आपणहून आलं, तर वहीत नोंद नाही, म्हणून दारातूनच परत. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते हे अशा खासगी पत्त्यांपैकीच. कोल्हापुरातल्या घरात जो पत्ता, तोच टोकियोतल्या घरातही असू शकतो. हा उपाय थोड्या काळापुरता आहे, असं मांडणाऱ्यांनीच म्हटलं होतं. तो थोडा काळ अजून संपलेला नाही!

आता आपल्या राजारामपुरीतलं एखादं घर घ्या. खाली दुकान नाहीतर आई-वडील, वर मुलगा-सून. मधे स्लॅब, वायफाय वर पोचत नाही. म्हणून वर दुसरा राउटर बसवतात आणि खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये खुपसतात. झालं! घराच्या आत दुसरं घर, दुसरा दरवान, दुसरी वही. वरच्या लॅपटॉपवर इंटरनेट चालतं, पण खालच्या मोबाईलला वरचा प्रिंटर सापडत नाही, गावाला गेल्यावर कॅमेरा दिसत नाही. दोन्ही राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ असला, तर वरच्याला कळतच नाही की हा पत्ता आपल्या आतला का बाहेरचा. तिसरी गल्ली, पण कुठली? अशा वेळी लोक राउटर बंद-चालू करत बसतात, नाहीतर नवा आणतात. यंत्रात बिघाडच नाही, तर नवं काय करणार?

वरच्या राउटरची दरवानी काढून घ्यायची. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असला तर तो निवडा, विषय संपला. नसला तर वरच्या राउटरला एकटाच कॉम्प्युटर जोडा आणि त्याचा पत्ता बदला, खाली १९२.१६८.१.१ असेल तर वर १९२.१६८.१.२. हा नंबर खालचा राउटर दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं बघा. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, वरच्याकडून काढून घ्या. वाटणारे दोन झाले की वायफायची सगळी रेघ दिसते आणि इंटरनेट नसतं. शेवटी खालून आलेली वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये घाला. हा क्रम चुकवू नका. वायर आधी जोडली, तर दोघेही पत्ते वाटत सुटतात.

एवढं करून प्रिंटर सापडला, कॅमेरा मात्र बाहेरगावाहून दिसेना, तर खालच्या राउटरचा वॅनचा पत्ता वाचा. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर आणखी एक दरवान कंपनीच्या ऑफिसात बसलाय. आशियासाठीचे मोकळे पत्ते एप्रिल २०११ मध्ये जवळपास संपले, आणि पुढच्याच वर्षी हा पट्टा कंपन्यांच्या नॅटसाठी राखून ठेवला गेला. तिथं आपला हात पोचत नाही. कंपनीला फोन करून स्वतंत्र पब्लिक पत्ता मागायचा, किंवा आयपीव्ही६ चालू आहे का ते विचारायचं. त्यात पत्ता १२८ बिटांचा असतो, आणि घरातल्या बल्बलासुद्धा स्वतःचा पत्ता मिळू शकतो.