रंगासाठी घडवलेले द्राक्ष

बहुतेक काळ्या द्राक्षांची साल काढून नुसता गर पिळला, तर निघणारा रस जवळजवळ बिनरंगी असतो. तांबड्या वाइनचा रंग येतो तो सालीतून. रस आंबत असताना साली त्यातच राहू देतात आणि त्यांतील अँथोसायनिन ही रंगद्रव्ये रसात उतरतात. (जांभळे खाल्ल्यावर जीभ रंगते ती याच कुळातल्या द्रव्यांमुळे.) सालीत रंग भरण्यासाठी फळ नीट पिकावे लागते. जर्मनीतील द्राक्षमळे मात्र ५० अक्षांशाच्या आसपास, थंड प्रदेशात आहेत. शिवाय ट्रोलिंगर, पोर्तुगीजर या तिथे रुजलेल्या जातींचा रंग मुळातच बेताचा. त्यामुळे तिथली तांबडी वाइन बरेचदा फिकट निघे आणि तिला उठाव आणायला गडद वाइन मिसळावी लागे. अशी गडद वाइन देणारे द्राक्ष घडवण्याच्या प्रयत्नातून डॉर्नफेल्डर ही जात जन्माला आली.

हे काम केले आउगुस्ट हेरोल्ड (१९०२–१९७३) यांनी, वाइन्सबर्ग येथील द्राक्षविद्येच्या संस्थेत. द्राक्षाच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर एकत्रच असतात. म्हणून संकर करायचा तर फूल उमलण्यापूर्वी चिमट्याने त्यावरची टोपी व पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग त्यावर टाकायचे आणि घोसाला पिशवी बांधायची. मग बिया पेरायच्या. एकाच घोसातल्या बियांपासूनही वेगवेगळ्या गुणांची रोपे येतात. पहिली फळे धरायलाच तीन-चार वर्षे जातात, वाइनची पारख त्यानंतर! हेरोल्ड यांनी १९५५ मध्ये हेल्फेनश्टाइनर आणि हेरोल्डरेबे यांचा संकर केला. या दोन्ही जातीही त्यांनीच पूर्वी संकरातून निर्माण केल्या होत्या. म्हणजे डॉर्नफेल्डरच्या आजा-आजीत फ्रूबुर्गुंडर, ट्रोलिंगर, पोर्तुगीजर आणि लेम्बेर्गर अशा चार जाती येतात.

हेरोल्ड यांचे नाव एका जातीला आधीच दिलेले होते. नव्या जातीला नाव मिळाले ते इमानुएल डॉर्नफेल्ड यांचे. हे गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हते, सरकारी कारभार पाहणारे अधिकारी होते. पण १८६८ मध्ये वाइन्सबर्गची द्राक्षशाळा उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीमुळे. संशोधकाऐवजी शाळा काढणाऱ्याचे नाव वेलीला मिळाले, हे आम्हाला विशेष वाटते.

संकरानंतर लागवडीची रीतसर परवानगी मिळायला १९८० च्या सुमारास मुहूर्त लागला. हेरोल्ड तोवर हयात नव्हते. दरम्यान काही बागायतदारांनी रंगासाठी मिसळायची ही वाइन स्वतंत्रपणे करून पाहिली होती आणि ती चांगली लागली होती. पुढे लागवड झपाट्याने वाढली, विशेषतः ऱ्हाइनहेसन आणि फाल्ट्स या भागांत. २००५ च्या सुमारास ती ८ हजार हेक्टरांवर पोहोचली. त्यानंतर थोडी घटली. वेल जोमदार असल्याने भरमसाट पीक काढण्याचा मोह होतो आणि मग वाइन पांचट होते. चांगला बागायतदार काही घोस कच्चे असतानाच छाटून टाकतो.

डॉर्नफेल्डर गोडसरही मिळते. कोरडी हवी असेल तर बाटलीवर 'ट्रोकन' हा शब्द पाहतात. अशा वाइनमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर असते. गोडी कमी झाली की आंबटपणा आणि टॅनिनचा तुरटपणा जाणवतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांना साकळवते, तोंडातले वंगण कमी होते आणि जीभ खरखरीत वाटते. कच्ची सुपारी चघळल्यावर वाटते तशीच. सोबत प्रथिने आणि स्निग्धांश असलेला घास असेल तर हा तुरटपणा बोथट होतो. म्हणून लाकडी पिंपात मुरवलेली भारदस्त डॉर्नफेल्डर भाजलेले गोमांस, हरणाचे किंवा रानडुकराचे मांस आणि मुरलेले चीज यांच्याबरोबर घेतात. व्हिनेगरमध्ये मुरवून शिजवलेल्या 'झाउअरब्राटन' या मांसाच्या प्रकाराशीही तिचे जमते. पिंपात न मुरवलेली, फळाच्या चवीची हलकी वाइन मात्र थोडी गार करून सॉसेज आणि पावाबरोबर संध्याकाळच्या साध्या जेवणात चालते.