काळ्या कोळशाचें उजळ कार्य

कोळसा उगाळावा तितका काळाच, अशी म्हण आहे. परंतु हाच काळा कोळसा दुसऱ्याचा रंग हरण करतो, ही गोष्ट १७८५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील टोबियास लोवित्स या रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानांत आली. मळकट द्रवांत कोळशाची पूड घातली असतां तो निवळतो, असें त्यास आढळलें. एकोणिसाव्या शतकांत हाडांच्या कोळशानें साखरेचा पाक शुभ्र होऊं लागला. पहिल्या महायुद्धांत करवंटीच्या कोळशानें विषारी वायूपासून सैनिकांचे प्राण राखले.

त्याच शतकांत वऱ्हाडांत निराळाच इतिहास घडत होता. १८५३ सालीं प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानें येथील कापसास सोन्याचें मोल आलें. पूर्वीं आलाच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत. परंतु १८५६ सालीं पर्किननें डांबरापासून जांभळा रंग बनविला, आणि वनस्पतिज रंगांचे दिवस फिरले. कृत्रिम रंग उन्हानें व साबणानें विटत नाहींत, हाच त्यांचा गुण. नदीनाल्यांत मिसळल्यावर तोच गुण दोष ठरतो. कारण ते सहजासहजीं कुजतही नाहींत.

येथें कोळसा उपयोगी पडतो. लाकूड अपुऱ्या हवेंत जाळून, मग आठ-नऊशें अंश उष्णतेवर वाफ दिली, म्हणजे त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. अशा एक तोळा कोळशाच्या अंतर्भागाचें क्षेत्रफळ तीन एकरांच्या घरांत भरूं शकतें! रंगाचे कण या भिंतींना चिकटून बसतात. तेलकट पाण्याची गोष्ट किंचित् निराळी: वरचा तवंग आधीं काढून घ्यावा लागतो, नाहीं तर छिद्रेंच बुजतात, उरलेला सूक्ष्म अंश मात्र कोळसा धरतो.

असा कोळसा पऱ्हाटीपासूनही करतां येतो, हें प्रयोगशाळांत सिद्ध झालें आहे. वेचणी संपल्यावर जी पऱ्हाटी चुलींत वा बांधावर जळून जाते, तिचें हें मोल आहे. अमरावतीस नांदगांव पेठेजवळ सुमारें १००० एकरांचें वस्त्रोद्योग उद्यान २०२३ सालीं मंजूर झालें, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत त्याची पायाभरणी झाली. त्यामुळें हा प्रश्न आतां पुस्तकी राहिलेला नाहीं.

परंतु कोळशाच्या शक्तीस मर्यादा आहे. भरलेला कोळसा पुन्हां तापवून शुद्ध करावा लागतो. तो तसाच उकिरड्यावर टाकला, तर घाण केवळ जागा बदलते. शिवाय कापूस रंगविण्यास पुष्कळ मीठ लागतें, आणि विरघळलेलें मीठ कोळसा अडवूं शकत नाहीं. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या कांठीं पसरलेल्या खारपाण पट्ट्यांत भूगर्भांतील पाणी आधींच खारट. तेथें पाणी नितळ दिसलें म्हणून तें निर्मळ झालें असें समजणें घातक ठरेल. रंग गेला कीं डोळ्यांचें समाधान होतें. जिभेची व जमिनीची साक्ष मात्र त्यानंतर काढावी लागते.