भुत्याचा डिंक आणि औषधाची सावकाश चाल (थ्रेड)

१/ तुमसरहून निघालेला रस्ता बपेऱ्यापाशी आला की महाराष्ट्र संपतो. पलीकडे बालाघाट जिल्हा. ही सीमा फार जुनी नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही बाजू एकाच राज्यात होत्या. सातपुड्याच्या कोरड्या रानातील कांडोळाला तर ती आजही ठाऊक नाही.

२/ कांडोळ म्हणजे कुळू, म्हणजेच भुत्या. उन्हाळ्यात पाने झडली की पांढरे खोड चांदण्यात चमकते, म्हणून हे नाव. सालीला खाप दिली की डिंक पाझरतो. व्यापारात त्याला ‘कराया’ म्हणतात.

३/ बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. कांडोळाचा विरघळत नाही, फुगतो. शर्करेच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून पाणी धरून ठेवतात. जुन्या डिंकाला किंचित सिरक्याचा वास येतो, तो या साखळ्यांवरील ॲसिटिल गटांमुळे.

४/ विसाव्या शतकाच्या आरंभी हा डिंक पाश्चात्त्य बाजारात शिरला तो इराणी कतिऱ्याची भेसळ म्हणून! पुढे भेसळीचा पर्याय झाला: रेचकात, कवळी चिकटवण्याच्या भुकटीत. (आपल्या सरबतातला ‘कतिरा’ही अनेकदा हाच असतो.)

५/ १९५२ साली अमेरिकेत सावकाश औषध सोडणारी ‘स्पॅन्स्युल’ आली. १९६० मध्ये प्रागच्या ओटो विख्टेर्ले व द्राहोस्लाव लिम यांनी शरीराला मानवणारे कृत्रिम हायड्रोजेल मांडले. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच घडल्या. नंतर संशोधक वनस्पतिज डिंकांकडेही वळले. गोळीत औषधासोबत कराया मिसळला, तर पोटातील पाण्याने गोळीचा बाहेरचा थर फुगून जेल होतो आणि औषधाला त्या चिकट थरातून वाट काढावी लागते. एकदम उसळी मारणारी मात्रा तासन्‌तास झिरपत राहते.

६/ या इतिहासात झाडाचे शास्त्रीय नाव सापडते, खाप देणाऱ्याचे सहसा नाही. मला हीच मोठी उणीव वाटते, कारण सारे त्याच्या कुऱ्हाडीवर अवलंबून आहे. खाप खोल गेली वा फार वेळा दिली, तर झाड वठते. पण पोटाची निकड असताना हात आखडता कोण घेणार?

७/ २०१३-१४ मध्ये केंद्राने गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तेव्हा पहिल्याच यादीत मध, चिंच, लाखेसोबत कराया होता. भाव मात्र प्रतीवर ठरतो: फिकट, स्वच्छ खड्यांना अधिक; सालीचे तुकडे अडकलेल्या काळपट डिंकाला कमी.