नागपूरचे आर्चबिशप : कोणाकडे कोणती जबाबदारी?

शाळेमुळे ‘फादर’ आणि ‘सिस्टर’ हे शब्द आपल्या घरांत ओळखीचे आहेत. पण त्यांच्या वर कोण असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सडक अर्जुनीच्या वाचकांसाठी ही माहिती आम्ही थोडक्यात देत आहोत.

गोंदिया जिल्हा कॅथलिक चर्चच्या नागपूर महाधर्मप्रांतात येतो. विशाखापट्टणमपासून वेगळा होऊन १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा यांचं एप्रिल २०१८ मध्ये निधन झालं. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये एलियास गोन्सालविस यांची नेमणूक झाली. ते मूळचे वसईचे. त्याआधी ते अमरावतीचे बिशप होते.

नागपूरच्या प्रांतात अमरावती (१९५५) आणि औरंगाबाद (१९७७) हे धर्मप्रांतही आहेत. मात्र आर्चबिशप हे तिथल्या बिशपांचे ‘साहेब’ नव्हेत. प्रत्येक बिशप आपला धर्मप्रांत स्वतः चालवतो; आर्चबिशपांना प्रांतावर देखरेखीचा मर्यादित अधिकार असतो. शेजारच्या चांदा धर्मप्रांताची परंपरा केरळच्या सिरो-मलबार चर्चची आहे.

आपल्याकडे साधारणपणे मशिदीची कमिटी इमामसाहेबांना नेमते. इथे उलट आहे. बिशपांची नेमणूक रोमहून पोप करतात आणि फादरना कोणत्या चर्चमध्ये पाठवायचं ते बिशप ठरवतात. वयाची ७५ वर्षं झाली की बिशपांनी पोपकडे राजीनामा द्यायचा असतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचेही बिशप आहेत. ते प्रोटेस्टंट, पोपशी त्यांचा संबंध नाही. हे चर्च १९७० मध्ये नागपुरातच स्थापन झालं. त्यामुळे बातमीत ‘नागपूरचे बिशप’ असं वाचलं, तर आधी कोणत्या चर्चचे ते पाहावं.

दुसरी गोष्ट शाळेची. नावात ‘कॉन्व्हेंट’ असलेली प्रत्येक शाळा चर्चची नसते. काही शाळा धर्मप्रांताच्या, काही सिस्टरांच्या संस्थांच्या, तर काही खासगी असतात. फी किंवा प्रवेशाची तक्रार असेल तर आधी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं नाव बघा, मग अर्ज लिहा. चुकीच्या दारात गेलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

राज्यघटनेच्या कलम ३० नुसार आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क ख्रिस्ती बांधवांना आहे, तसाच आपल्यालाही आहे. या हक्कावर गदा आली तर प्रश्न दोघांचाही असतो. म्हणून शेजाऱ्याच्या घरात कारभार कोण पाहतं, हे माहीत असलेलं बरं.