मंद आवाजाची कसोटी

घरातील ध्वनिवर्धकाची थोरवी बहुधा तो किती मोठा आवाज देतो यावरून ठरविली जाते. वस्तुतः त्याची खरी परीक्षा आवाज अगदी लहान केल्यावर होते. आणि ती परीक्षा ज्या भागावर येऊन पडते, तो भाग म्हणजे समोर दिसणारे आवाजाचे बटण, म्हणजेच व्हॉल्यूम कंट्रोल. या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा इतिहास गोमंतकात, विशेषतः पेडणे महालात, जितका अर्थपूर्ण ठरतो तितका क्वचितच अन्यत्र ठरेल.

मोपा हे पेडणे तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले पठारावरचे गाव. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १९६१ पर्यंत त्यांच्या अमलाखाली राहिला. सालाझारच्या राजवटीत गोव्यातील वृत्तपत्रांवर सरकारी तपासनिसाची नजर असे. सभा व भाषण यांना मोकळीक नव्हती. अशा वेळी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, सीमेपलीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालविलेले हे केंद्र कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बातम्या देत असे. पुढे ते कॅसलरॉकच्या अरण्यात हलले आणि गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिले.

अशा केंद्राचे ऐकणे ही राजवटीला रुचणारी गोष्ट नव्हती. बोलणारे रानात होते. ऐकणारा मात्र आपल्या घरात, रस्त्याला लागून असलेल्या खिडकीच्या आत होता. शब्द कानापर्यंत पोहोचावा पण उंबऱ्याबाहेर जाऊ नये, एवढी नेमकी मर्यादा त्याला हवी होती. ती राखण्याचे साधन त्याच्या बोटांत होते: आवाजाचे बटण.

हे साधन आरंभी फार ओबडधोबड होते. १९२० नंतरच्या बॅटरीवरील रेडिओत आवाज कमी करण्यासाठी व्हॉल्व्हच्या तंतूला मिळणारा वीजप्रवाहच कमी करीत. दिवा मंद केल्यासारखा हा प्रकार; त्याने आवाज कमी होई, पण विकृतही होई. १९३० नंतरच्या दशकात पोटेन्शिओमीटर रूढ झाला. कार्बनचा अर्धवर्तुळाकार पट्टा आणि त्यावरून सरकणारी धातूची जीभ, असे याचे स्वरूप. जीभ पट्ट्यावर जेथे असेल तेवढाच विद्युत्संकेत पुढे जातो.

येथे मानवी श्रवणाचा एक विशेष आड येतो. कान बेरजेने नव्हे, तर गुणोत्तराने ऐकतो. आवाज निम्मा भासावा यासाठी ध्वनीची शक्ती निम्मी करून भागत नाही. ती सुमारे दहाव्या हिश्शावर आणावी लागते. म्हणून सरळ प्रमाणाचा, म्हणजे लिनियर, पट्टा बसविला तर बटण अर्धे उलट फिरवूनही फारसा फरक जाणवत नाही आणि सारा मंद आवाज अगदी सुरुवातीच्या थोड्याशा फिरकीत कोंबला जातो. कारखानदारांनी यावर ‘लॉग’ पट्टा काढला. परंतु तो बहुधा दोन-तीन निरनिराळ्या रोधांचे तुकडे जोडून केलेला असतो. म्हणजे वक्ररेषेची जागा काही सरळ रेषा भरून काढतात.

१९३३ साली अमेरिकेत फ्लेचर व मन्सन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आवाज लहान केला की कानाला खर्जाचे स्वर इतर स्वरांहून अधिक वेगाने कमी ऐकू येतात. म्हणूनच मंद लावलेले गाणे पोकळ वाटते. पुढे अनेक यंत्रांत मंद आवाजाच्या वेळी खर्ज उचलून धरण्याची सोय करण्यात आली.

१९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एकाच दांड्यावर दोन पट्टे बसवावे लागले. आता जुना दोष उघडा पडला. दोन्ही पट्टे वरच्या भागात जुळतात, पण खालच्या टोकाला त्यांचे जुळेनासे होते. मंद आवाजात गायक मधून सरकून एका बाजूला जाऊन बसतो. त्यात कार्बन झिजला की खरखर सुरू होते.

या दोषांवर दोन उपाय महत्त्वाचे ठरले. पहिला पायऱ्यांच्या नियंत्रकाचा. नभोवाणीच्या स्टुडिओंतून तो पूर्वीपासून वापरात होता. यात पट्ट्याऐवजी फिरत्या स्विचवर मोजून निवडलेले रोध जोडतात. दोन-दोन डेसिबलच्या पायऱ्या धरल्या, तर २४ स्थानांत ४६ डेसिबलचा पल्ला मिळतो, म्हणजे संकेताचा दाब सुमारे दोनशेव्या भागापर्यंत उतरविता येतो. दोन्ही बाजू शेवटच्या पायरीपर्यंत समान राहतात. दुसरा उपाय इंग्लंडच्या पीटर बॅक्सँडल यांनी १९८० साली मांडला. त्यांच्या रचनेत बटण संकेत नुसता अडवीत नाही, तर वर्धनच कमी-जास्त करते. त्यामुळे साधा लिनियर पट्टा पुरतो आणि मंद आवाजात यंत्राची स्वतःची कुजबुजही घटते.

घरचा ध्वनिवर्धक सुधारू पाहणाऱ्याने मात्र आधी एक पडताळा घ्यावा. खरखर नेहमीच पट्ट्याच्या झिजेमुळे होत नाही. मागील कपॅसिटर गळू लागून पट्ट्यातून एकदिश प्रवाह वाहू लागला, तरी तीच खरखर येते. तो दोष तसाच ठेवून बसविलेला उंची नियंत्रकही तशीच खरखर करील. नवा भाग जुन्याच्याच रोधमूल्याचा असावा: व्हॉल्व्हच्या यंत्रात ते लाखो ओहमांत, तर ट्रान्झिस्टरच्या यंत्रात बहुधा हजारांत असते. व्हॉल्व्हच्या यंत्रात वीज तोडल्यावरही घातक दाब काही काळ टिकून राहतो, हेही विसरता कामा नये.

डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करली, तेव्हा सरदेसाई आणि लोबो यांनी विमानावर ध्वनिक्षेपक बसवून गोव्याच्या आकाशातून मुक्तीची वार्ता सांगितली. सहा वर्षे उंबऱ्याच्या आत जपावा लागलेला आवाज त्या दिवशी छपरांवरून उघडपणे फिरला. मोपाच्या पठारावरून तर ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. आवाज मोठा करण्यास आज तेथे कोणाची बंदी नाही. तरीही रात्री घर निजल्यावर बटण अगदी खाली आणून एखादे गाणे ऐकावे, आणि त्यातील शब्द न् शब्द स्पष्ट यावा, यातच त्या लहानशा भागाचे सार्थक आहे. ज्या पिढीने मंद आवाजात बातमी ऐकली, तिला याहून वेगळे काही सांगावे लागले नसते.