कानातलं रबर

"मामा, चांगला इयरफोन कुठला घेऊ?" असं भाच्यानं विचारलं की मी थेट १८९१ सालात शिरतो!

त्या वर्षी एर्नेस्ट मर्कादिए या फ्रेंच इंजिनिअरला कानात बसणाऱ्या टेलिफोनच्या जोडीचं अमेरिकन पेटंट मिळालं. टोकांना रबर होतं. कान घासू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मंडळी, गाण्यांसाठी नव्हे बरं का, टेलिफोन ऐकायला!

१९७९ च्या वॉकमनबरोबर आले ते स्पंजवाले, कानावर बसणारे. १९९१ मध्ये एटिमॉटिक कंपनीनं श्रवणयंत्रांच्या अनुभवातून ईआर-४ काढला, तो पुन्हा कानाच्या नळीत घट्ट बसणारा. १९९५ मध्ये जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरनं व्हॅन हेलनच्या ड्रमरसाठी असेच इयरफोन बनवले, स्टेजच्या गोंगाटात नीट ऐकू यावं म्हणून.

गोष्ट तीच. रबर सैल असलं की बास गळतो, लोकलचा खडखडाट आत येतो आणि आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० ला फक्त ४!

तेव्हा बाळा, ब्रँड नंतर. आधी डब्यातली लहानमोठी सगळी रबरं लावून बघ. इयरफोन दुसरा मिळतो, कान नाही.