मुलखातली बेटे

बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सरहद्दीजवळ बार्ले नावाचे एक छोटे गाव आहे. ११९८ साली ब्राबांटचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांच्यात तिथल्या जमिनींची वाटणी झाली. काही शेते ड्यूकने आपल्याकडे ठेवली, काही सरदाराला दिली. पुढे राज्ये बदलली, धर्मयुद्धे झाली, दोन स्वतंत्र राष्ट्रे जन्माला आली. वाटणी मात्र तशीच राहिली. परिणामी नेदरलँड्सच्या भूमीत बेल्जियमचे २२ तुकडे विखुरलेले आहेत आणि त्यांपैकी काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सच्या जमिनी आहेत. रस्त्यावर फरशीतून सीमारेषा आखलेली असते आणि ती कुणाच्या दुकानातून, तर कुणाच्या माजघरातून जाते. घर कोणत्या देशाचे, हे ठरविण्याचा तिथला रूढ संकेत असा, की मुख्य दरवाजा ज्या देशात उघडतो त्या देशाचे ते घर. सोयीसाठी दरवाजा हलविल्याच्या कथाही तिथे सांगितल्या जातात.

ही हकीकत वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकाला मौज वाटेल. बिदर-गुलबर्ग्याकडच्या आमच्या आजोबांच्या पिढीला मात्र तिचे फारसे नवल वाटले नसते. परक्या मुलखाने चहूबाजूंनी वेढलेल्या अशा गावाला सरकारी भाषेत परिवेष्टित प्रदेश म्हणतात. बंगालमध्ये त्याला छिटमहाल असा नेमका शब्द आहे. मी या लेखात साधे ‘बेट’ म्हणणार आहे. आमचा सारा प्रदेश एके काळी अशा बेटांचाच बनलेला होता, ही गोष्ट आता विस्मरणात चालली आहे.

या बेटांचे मूळ शोधायचे तर अठराव्या शतकात जावे लागते. निजाम आणि मराठे यांच्या दरम्यान आजच्या अर्थाची सीमारेषा कधी नव्हतीच. होते ते हक्क. एकाच गावात जहागीर निजामाच्या मनसबदाराची, चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांची, वतन देशमुख-देशपांड्यांचे, असा तिहेरी-चौहेरी मामला असे. या व्यवस्थेला दोअंमली म्हणत. सनदेत गाव ‘दरोबस्त’ दिले आहे की नाही, या एका शब्दावर दोन-तीन पिढ्यांचे उत्पन्न अवलंबून असे. शब्दाने गावाचे भवितव्य ठरण्याचा प्रकार युरोपातही घडला आहे. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने आणि पुढच्या वर्षीच्या करारनाम्याने स्पेनने डोंगराकडची खेडी फ्रान्सला दिली. त्यात लिव्हिया तेवढे सुटले, कारण त्याला ‘खेडे’ नव्हे तर ‘नगर’ असा दर्जा होता आणि करारात शब्द खेड्यांचा होता. ते नगर आजही फ्रान्सच्या पोटात स्पेनचे म्हणून नांदते आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठ्यांचे हे सगळे हक्क इंग्रजांकडे आले. जमाखर्चाच्या वहीतले हक्क नकाशावर बसविण्याचा खटाटोप त्यांनी सुरू केला. १८२२ च्या तहाने निजामाची चौथाईतून सुटका झाली आणि काही प्रदेशांची अदलाबदल होऊन सीमा थोडी सलग झाली. पुढे १८५३ मध्ये कर्जापोटी वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग आणि रायचूर दोआबही इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि १८६० मध्ये हे दोन्ही निजामाकडे परत आले. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर या मधल्या काळात नळदुर्गाचा कारभार पाहत होता. सात वर्षांत दोनदा राज्य बदलले, तरी गावचा पाटील आणि पटवारी तेच राहिले. एवढे होऊनही बेटे उरलीच. बार्शी-सोलापूरच्या इंग्रजी मुलखात निजामाची गावे होती, निजामाच्या उस्मानाबादेत इंग्रजांची होती. सोलापूर आणि गुलबर्गा यांच्यामध्ये अक्कलकोटचे संस्थान होते आणि त्या संस्थानचा पिलीव महाल पार दूर, माळशिरसच्या बाजूला होता.

परंतु खरी मौज सरहद्दीवर नव्हती, आत होती. हैदराबाद संस्थान बाहेरून एकसंध दिसे. आतून त्याची गोधडी होती. ढोबळमानाने सहा दशांश मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारी. एक दशांश सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी उत्पन्नाचा. आणि उरलेला पायगा, जहागिरी व संस्थाने यांचा. आमच्या भागात आळंद आणि चिटगुप्पा पायगेचे, कल्याणी तिथल्या नवाबाची, आणि मधली गावे दिवाणीची. मोठ्या जहागिरींची स्वतःची न्यायकचेरी, स्वतःचे पोलीस, स्वतःचा वसूल असे. सकाळी दिवाणीच्या गावातून निघालेला बैलगाडीवाला दुपारी पायगेच्या हद्दीतून जाई आणि संध्याकाळी नवाबाच्या वेशीत बैल सोडी. तीन अंमल ओलांडल्याचे त्याला काही विशेष वाटत नसे. त्याला खुपे ती निराळीच गोष्ट. दिवाणी गावात जमाबंदी होऊन दर ठरलेले असत, शेजारच्या जहागिरीत अनेकदा जहागीरदाराचा कारभारी म्हणेल तो दर. बांधाच्या या बाजूची आणि त्या बाजूची माती एकच, सारा वेगळा. तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच कचेरीत.

सोलापूरच्या बाजाराला जायचे म्हणजे आणखी एक सोंग वठवावे लागे. निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा. शंभर कलदार रुपयांना हाली रुपये ११६ आणि वर दहा आणे आठ पै, असा अधिकृत हिशेब होता. सराफ त्यात आपला हात मारीत तो निराळा. माझी आजी कंबरेला दोन पिशव्या बांधून सोलापूरला जात असे आणि दोन्ही पिशव्यांच्या नाड्यांना वेगवेगळ्या गाठी मारी, असे वडील सांगत. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. मालावर शेकडा पाच जकात घेण्याचा हा अधिकार निजामाला १८०२ च्या व्यापारी तहापासून मिळालेला. लग्नाचा बस्ता सोलापुरात बांधला की परतताना नवी लुगडी नेसून, एकावर एक, नाका ओलांडण्याची युक्ती आमच्याकडच्या बहुतेक घरांत ठाऊक होती.

कालगणनाही वेगळी. सरकारी कागदावर फसली सन आणि आजुर, दै, बहमन, फरवर्दी हे महिने. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. परंतु वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने आजुरचा कागद एका इसवी सनात पडतो आणि आबानचा दुसऱ्यात. महसूल खात्यातल्या नोकरीत हे गणित मला जितक्या वेळा करावे लागले, तितके पाढेही मी शाळेत म्हटले नसतील.

या बेटांतले सर्वांत चमत्कारिक बेट लांबट होते. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग गुलबर्गा आणि वाडीवरून १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला. मुलूख निजामाचा, पण रुळांखालच्या पट्टीवरचा दिवाणी आणि फौजदारी अधिकार इंग्रजांकडे सोपविलेला. म्हणजे शहरात हैदराबादचा कायदा आणि फलाटावर इंग्रजांचा! हा अधिकार नक्की कुठवर चालतो, याचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मुहंमद युसुफुद्दीन या निजामाच्या प्रजाजनाला सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर निजामाच्या मुलखातल्या एका स्थानकात पकडण्यात आले होते. रेल्वेच्या जागेवरचा अधिकार रेल्वेच्या कामापुरता, त्या आडून बाहेरच्या गुन्ह्यासाठी निजामाच्या प्रजेला पकडता येणार नाही, असा निकाल १८९७ मध्ये लागला. साम्राज्य ऐन भरात असताना दिलेला हा निवाडा मला नेहमी कौतुकास्पद वाटत आला आहे.

बेटांची ही गंमत १९४७ मध्ये संपली आणि त्यांची भीती सुरू झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला, परंतु सरहद्दीवर काहीच जैसे थे राहिले नाही. रझाकारांच्या त्रासाला कंटाळून बिदर, गुलबर्गा, उस्मानाबादकडची कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे निघाली. बार्शी तालुक्याच्या कडेने मुक्तिलढ्याच्या छावण्या उभ्या राहिल्या. निजामी मुलखाच्या पोटातली हिंदी गावे या काळात आश्रयस्थाने ठरली आणि त्याच कारणाने कोंडलीही गेली. तिथे पोहोचायचे तर निजामाच्या हद्दीतून जावे लागे. जुलै १९४८ मध्ये नानज गावी हिंदी सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला तो अशाच वाटेवर. त्यानंतर सैन्याने नानज ताब्यात घेतले. सप्टेंबरात सोलापूरहून निघालेले सैन्य नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहीराबाद या मार्गाने पाच दिवसांत हैदराबादच्या दाराशी गेले. या गावांची नावे आमच्या घरी स्तोत्रासारखी क्रमाने म्हटली जात.

परक्या हद्दीतून वाट मिळण्याचा हा प्रश्न पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेला. मराठ्यांनी १७७९ च्या तहाने पोर्तुगीजांना लावून दिलेला नगरहवेलीचा महसूल हाच दादरा-नगरहवेलीच्या बेटांचा उगम. १९५४ मध्ये ही बेटे मुक्त झाली, तेव्हा दमणहून तिथे जाण्याचा हक्क भारताने नाकारला म्हणून पोर्तुगालने हेगला दावा लावला. १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सशस्त्र दलांना नव्हता. आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही. पुण्याच्या दरबारात झालेल्या व्यवहाराची फोड हेगच्या न्यायाधीशांनी करावी, हा इतिहासाचा विनोदच.

आमच्याकडची बेटे मात्र निमूटपणे बुडाली. १९४९ मध्ये सर्फेखास दिवाणीत मिसळले, त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या. जानेवारी १९५० मध्ये, राज्यघटना अमलात येण्याच्या तोंडावर, प्रांत व संस्थाने यांच्यातील बेटांच्या विलीनीकरणाचा आदेश निघाला आणि मुंबई प्रांताची हैदराबादेतली व हैदराबादची मुंबई प्रांतातली गावे भोवतालच्या मुलखात समाविष्ट झाली. गावकऱ्यांना कुणी विचारले नाही आणि बहुतेकांची हरकतही नव्हती. पण कायदा बदलला. मुंबईच्या गावांना १९४८ चा कूळकायदा होता, हैदराबादला १९५० चा. गावाबरोबर कुळाचे नशीबही एका कायद्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसले.

हाच प्रकार १९५६ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर झाला. बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात. नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्रात. ज्याची शेती उदगीर आणि औराद दोन्हीकडे होती, त्याला एका बांधावर हैदराबादचा जुना कूळकायदा पुढेही लागू राहिला आणि दुसऱ्या बांधावर कर्नाटकाचा १९६१ चा भूसुधारणा कायदा आला. १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात कुळांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केले. पलीकडच्या भावकीला त्या अर्जाचा नमुनाही ठाऊक नव्हता. नोकरीत असताना एकदा एक वृद्ध शेतकरी फडक्यात बांधलेला कागद घेऊन आला. मजकूर उर्दू, सही मोडीत, तारीख फसली.

“साहेब, ह्यो कागद कुठल्या सरकारचा?”

“आजोबा, पायगेचा आहे.”

“मग पायगेकडं जाऊ का?”

पायगा जाऊन तेव्हा तीस वर्षे उलटली होती. त्या कागदावरचे गट आता दोन राज्यांत होते आणि दप्तराचा निम्मा भाग दुसऱ्या राज्यातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेला होता. त्यांना तिकडचे पत्र लिहून दिले. पुढे ते आले नाहीत.

सीमावादावर या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे; १९६७ चा महाजन अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा वाचकांना ठाऊक आहेच. इथे एवढेच नोंदवितो, की ‘गाव हा घटक’ या तत्त्वाबरोबर महाराष्ट्राने ‘भौगोलिक सलगता’ हेही तत्त्व नेहमी धरले. त्याचे कारण जुन्या बेटांच्या अनुभवात आहे. सलगता सोडून केवळ गावची बहुसंख्या पाहिली असती, तर आळंद आणि बसवकल्याणच्या नकाशावर पुन्हा बार्ले उभे राहिले असते.

युरोपातल्या अशा गावांनी कालांतराने आपापल्या सोयी लावून घेतल्या. स्वित्झर्लंडने वेढलेले ब्यूझिंगन हे जर्मन गाव १९६७ मध्ये अमलात आलेल्या करारापासून स्विस जकात व्यवस्थेत आहे. गावाला दोन्ही देशांचे टपाल क्रमांक आहेत आणि व्यवहारात फ्रँक चालतो. भारत आणि बांगलादेश यांनी ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ छिटमहालांची अदलाबदल केली, तेव्हा भारतात आलेल्या ५१ बेटांतले १४ हजारांहून अधिक लोक भारताचे नागरिक झाले. तोवर त्यांच्यापैकी अनेकांनी मुलांना शाळेत घालण्यासाठी शेजारच्या गावातला कुणी ‘बाप’ म्हणून लिहून घेतला होता.

आमच्याकडे आता रेषा सरळ नसली तरी बेट नाही. मात्र कागदाची बेटे नव्याने तयार होतात. अनुसूचित जातीचा दाखला राज्यापुरता, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे उदगीरहून भालकीला आलेल्या सुनेला माहेरच्या दाखल्यावर इकडे आरक्षण मिळत नाही, जरी दोन्हीकडची जात, भाषा आणि कुलदैवत एकच असले. ३७१-जे कलम आल्यापासून कल्याण कर्नाटकातील नोकऱ्यांसाठी स्थानिक असल्याचा दाखला लागतो. जुन्या बिदर जिल्ह्यात जन्मलेल्या, पण १९५६ ला पलीकडे गेलेल्या घरांतल्या नातवंडांना तो मिळत नाही. सोयरीक जुळविताना आमच्याकडे पूर्वी देवक विचारीत. आता देवकाच्या आधी तालुका विचारतात आणि मग मुलीचा जन्मदाखला कोणत्या राज्याचा ते पाहतात.